वर्कस्टेशन की स्टेज पियानो?
पर्युषण जवळ आले की जेसल पार्कमधील घरोघरी भावनेच्या स्तवनांचा सराव सुरू होतो, आणि हार्मोनियमवर हात बसलेल्या मुलासाठी मोठ्या वाद्याचा विषय निघतो. व्यापारी पिता साहजिकच मोजणी करतो. वर्कस्टेशनमध्ये शेकडो ध्वनी, शिवाय ध्वनिमुद्रणाची सोय. स्टेज पियानोत ध्वनी मोजकेच. १९८८ मध्ये आलेल्या कॉर्गच्या एम-वनपासून ६१ पट्ट्यांवर एकट्याने बासरी, तंतुवाद्ये, ताल असे थर चढवून संपूर्ण साथ रचता येऊ लागली. ज्याला स्तवनांना साज चढवायचा आहे, त्याला हेच योग्य. मात्र न खपणारा माल भरून दुकान मोठे होत नाही, हे व्यापाऱ्यास सांगायला नको.

हार्मोनियममध्ये नादाचा चढउतार भाता ठरवतो. उजव्या हाताच्या बोटांना त्याची जबाबदारीच नसते. स्टेज पियानोच्या ८८ वजनदार पट्ट्या ती बोटांवर टाकतात. पियानो शिकायचा असेल, तर ही सवय लवकर लागलेली बरी. अनेक स्टेज पियानोंत ध्वनिक्षेपक नसतो; तो खर्च आधीच धरावा.

खरेदीला मुलाला सोबत न्यावे. एकच स्तवन दोन्हींवर, प्रथम अगदी हळू, मग जोराने वाजवू द्यावे.