भिंत वाचणारी पोरं



वाचन हा छंद आहे, असं पांढरपेशांच्या मासिकात छापून येतं. ज्याच्या घरात पुस्तकाचं कपाट आहे त्याचा असेल. आमच्याकडं पुस्तकाच्या आधी भिंत आली.

अण्णाभाऊ साठे बघा. १९२० साली वाटेगावच्या मांगवाड्यात जन्म. शाळा दीड दिवसाची. घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठली आणि इथल्या दुकानांच्या पाट्या, सिनेमाची पोस्टरं बघत या पोरानं अक्षरं जुळवली. पुढं घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिलं. १९५९ ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ ला रशिया बघून आले. ज्यांनी आमच्या बापजाद्यांच्या कानाला वेद वर्ज्य केले, त्यांच्या तोंडावर मारलेली ही चपराक!

मीपण घाटकोपरचाच. ल्हानपणी पुड्यांचे कागद उलगडून वाचायचो. आई म्हणायची, "कागदानं पोट भरतं व्हय रं?" मी नऊ वर्षांचा असताना एका संध्याकाळी नळाजवळच्या भिंतीवर कागद दिसला. बायका हंडे भरत होत्या. मी मोठ्यानं वाचला : सात दिवसांत झोपड्या खाली करा. खालची तारीख सहा दिवसांपूर्वीची! हंडे तिथंच राह्यले. रातोरात रेशनकार्डं, पावत्या गोळा झाल्या आणि सकाळी सगळी आळी कचेरीच्या दारात बसली. आमची रांग वाचली. मागची रांग गेली. तिकडं कागद कुणी वाचलाच नव्हता. ‘वाचाल तर वाचाल’ हा शाळेच्या फळ्यावरचा सुविचार मला त्या दिवशी कळला.

म्हणून मी मॅट्रिक झालो. म्हणून कविता लिहितो. आज गोदीत ओझं उचलतो, पण मजुरीचा कागद वाचल्याबिगर सही करत नाय. मुकादम माझ्याशी जपून बोलतो. सोबतचे आता कागद माझ्याकडं घेऊन येतात.

१ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीची वर्गणी निघेल. डीजेला हजारो रुपये जातील. बोललो तर आपलेच दोस्त रागावतील. रागवा! पण त्यातनं एक बाकडं, एक दिवा आणि दहा पुस्तकं चौकात येऊ द्या. हंडा घेऊन नळावर उभ्या असलेल्या पोरीला पहिली हाक मारा.

भिंतीवर पुढचा कागद चिकटणारच आहे. तो वाचायला पोरं पायजेत. आणि त्याला उत्तर लिहायलाही.

जय भीम!