चूक चालकाची की डिझाइनची? दिनेश मोहन यांचं काम

ई-चलानचा मेसेज आला की आपण कॅमेऱ्याला शिव्या घालतो (मीही घातल्यात). अपघाताची बातमी आली की मात्र सगळा दोष चालकावर टाकून मोकळे होतो. आयआयटी दिल्लीचे प्रा. दिनेश मोहन यांना एवढं उत्तर पुरत नसे.

मुंबई आयआयटीत मेकॅनिकल शिकलेल्या या माणसाने एकच गोष्ट आयुष्यभर लावून धरली. माणूस चुकणारच, म्हणून रस्ता आणि गाडी अशी बनवा की चुकीपायी जीव जाणार नाही. २१ मे २०२१ ला कोविडने ते गेले.

आम्ही सॉफ्टवेअरवाले वेगळं काय करतो? युजरने चुकून डिलीट दाबलं तर त्याला दंड करत नाही, 'अनडू' देतो. रस्त्यावर अनडू नाही, म्हणून वेग आधीच कमी हवा. ताशी ३० ऐवजी ५० किलोमीटरने धडक बसली तर तिची ऊर्जा जवळपास पावणेतीनपट असते.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची, १९ टक्क्यांहून जास्त पायी चालणारी. एअरबॅगचा त्यांना काय उपयोग? मोहन यांचं लक्ष याच लोकांकडे होतं. हेल्मेटवर त्यांनी काम केलंच, शेतातल्या मळणी यंत्रात हात जाऊ नये म्हणूनही केलं.

कॅमेरे हवेतच. पण चलान नंतर येतं. उंचवट्याचं झेब्रा क्रॉसिंग गाडीला तिथल्या तिथे हळू करतं. आमच्या ऑफिससमोर कॅमेरे दोन आहेत, असं क्रॉसिंग अजून एकही नाही.