दया नको, माया शिकवा

दिवाळी आली की आमच्या दवाखान्यात खोकला, भाजणे आणि पोट बिघडणे यांची गर्दी होते. त्याविषयी या सदरातून वेळोवेळी लिहिले आहे. आज मात्र थर्मामीटरवर न दिसणाऱ्या एका दुखण्याविषयी लिहायचे आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर धुणीभांडी करून घर चालवणारी एक बाई आपल्या साडेचार वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी नीट जेवत नाही, अंगणवाडीत जायचे म्हटले की रडते, अशी तक्रार. तपासले. ताप नव्हता, घसा स्वच्छ, पोट मऊ. बोलता बोलता उलगडा झाला. सुट्टी लागण्याआधी एका शाळेच्या शिशुवर्गातील मुलांना दयाळूपणा शिकवावा म्हणून त्या अंगणवाडीत नेले होते. त्यांनी रांगेत उभ्या केलेल्या मुलांना जुनी खेळणी आणि फराळाच्या पुड्या वाटल्या. फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. त्या रात्री या मुलीने विचारले, "आई, आपण गरीब हाय का गं?"

कार्यक्रम योजणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी जाणतो. पण औषध देताना हेतू चांगला असून भागत नाही, मात्राही बरोबर असावी लागते. तीन ते सहा वर्षांचे मूल भाषणातून फार थोडे शिकते. जे घडताना पाहते ते शिकते. त्या दिवशी एका रांगेने पाहिले की आपण देणारे, दुसऱ्या रांगेने पाहिले की आपण घेणारे. यात दया असेलही, पण माया नाही. दयेला उंचावर उभे राहावे लागते. माया शेजारी येऊन बसते. माझे स्पष्ट मत असे, की या वयात शिकवायची ती माया.

आनंदाची गोष्ट अशी, की मायेचे बीज मुलात आधीपासूनच असते. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या शास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडला आणि त्याचा हात पोहोचेना, की मूल दुडुदुडु जाऊन तो उचलून देई. कोणी सांगितले नव्हते, बक्षीसही नव्हते. याच दोघांना २००८ साली आणखी एक गोष्ट आढळली. मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेली मुले पुढे कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिले नव्हते किंवा नुसते कौतुक केले होते, ती करत राहिली. तेव्हा 'ताईला लाडू दिलास तर तुला चॉकलेट' हा सौदा घरोघरी बंद व्हावा.

कॅनडातील अभ्यासकांनी २०१२ साली दोन वर्षांखालील मुलांचे चेहरे बारकाईने पाहिले. स्वतःला खाऊ मिळाल्यापेक्षा दुसऱ्याला देताना मुले अधिक खुलत, आणि आपल्याच वाट्यातला दिला तर सर्वांत जास्त. म्हणजे देण्याचा आनंद प्रत्येक मुलाचा हक्क आहे. अंगणवाडीतल्या त्या मुलांना पुड्या मिळाल्या, पण हा आनंद त्यांच्या वाट्याला आलाच नाही.

आपल्याकडे हे फार पूर्वी ओळखले गेले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. समोरच्याच्या दारी जाणे, त्याला काय हवे ते पाहणे, हीच मायेची पहिली पायरी.

मग सुट्टीत करावे काय? खर्चाचे काहीच नाही. फराळाचे ताट द्यायला मुलाला सोबत न्या, पण निघण्याआधी विचारा, "शेजारच्या आजोबांना काय द्यायचं? त्यांना गोड चालत नाही ना?" मूल विचार करून चिवडा निवडते. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही असते, ही समज साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी फुलू लागते. तिला असाच व्यायाम हवा. आणि शेजारच्या घरून ताट आले, तर ते दोन्ही हातांनी घ्यायलाही शिकवा.

वाड्यातल्या, चाळीतल्या, वस्तीवरच्या सगळ्या मुलांचा मिळून एकच किल्ला होऊ द्या. दगड कोणी आणावेत, माती कोणी कालवावी, हे त्यांचे त्यांना ठरवू द्या. किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी घालण्याची पाळी लावा. एका दिवसाच्या समारंभापेक्षा आठ दिवसांची निगा मुलाला अधिक शिकवते. भांडणे होतील. लगेच निवाडा करू नका, "त्याला काय वाटलं असेल?" एवढेच विचारा.

फटाक्यांच्या वेळी समोरच्या घरातले तान्हे बाळ, दम्याची आजी, जिन्याखाली थरथरणारे कुत्रे यांची आठवण करून द्या. "आवाज नको, बाळ झोपलंय," हे मुलाच्या तोंडून येऊ लागले की समजावे, औषध लागू पडले.

काही पथ्येही सांगतो. मोठे भावंड प्रेमाने धाकट्याला चिवडा भरवते, पण अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो. पाच वर्षांखालील मुलांना तो देऊच नये. भटक्या कुत्र्याला खाऊ द्यायचा तर मोठ्यांनी लांबून ठेवावा. चावा किंवा ओरखडा असला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास झोप लागते. जागरणाने चिडलेल्या, भुकेल्या मुलाकडून मायेची अपेक्षा धरू नये. आणि मुलाचे लाडके खेळणे त्याच्या मनाविरुद्ध दुसऱ्याला देऊ नये. हिसकावून करवलेल्या दानातून मूल हिसकावणेच शिकते.

शाळांना माझी विनंती आहे: अंगणवाडीत जरूर जा, पण वाटायला नको, खेळायला जा. दोन्हीकडच्या मुलांना मिसळून बसवा. दोघांनी पणत्या रंगवाव्यात आणि एकमेकांना द्याव्यात. फोटो नसला तरी चालेल.

त्या मुलीला मी औषध दिले नाही. अंगणवाडीतल्या ताईंशी बोललो. त्यांनी तिला रोज सगळ्यांना पाण्याचे पेले देण्याचे काम सोपवले. पंधरवड्यानंतर मायलेकी पुन्हा आल्या. मुलगी जेवू लागली होती. तिने फ्रॉकच्या खिशातून गेरूने रंगवलेली एक पणती काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "ही तुम्हाला."

मी ती दोन्ही हातांनी घेतली. यंदा ती दवाखान्याच्या दारात लागेल.