कळंबच्या चित्रात कळंबचा सूर्य हवा

शेतात दोन-तीन केबिन बांधायच्या आणि शहरातून येणाऱ्यांना चार दिवस उतरायला जागा द्यायची, हा विचार आता लोणावळा-महाबळेश्वरपुरता राहिलेला नाही. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आणि मराठवाड्यातल्या शेतकऱ्यालाही जोडधंद्याची ही वाट दिसू लागली. या वाटेवर गवंडी ठरण्याआधी, कधी कधी कर्जाचा अर्ज भरण्याआधीही, हातात येते ती थ्रीडी. संगणकावर तयार केलेले, फोटोइतके खरे वाटणारे केबिनचे चित्र. त्यात बहुधा जमिनीपर्यंत उतरलेले त्रिकोणी छप्पर असते, समोर उभीच्या उभी काचेची भिंत, मागे सूचिपर्णी झाडांची रांग, पायाशी हिरवळ आणि कडेला स्थिर निळे पाणी. चित्र देखणे असते, यात वाद नाही. पण धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातल्या जमिनीसाठी ते काढलेले असेल, तर त्यात कळंब कुठे आहे, हा प्रश्न विचारायलाच हवा. केबिनचे वास्तवदर्शी चित्र त्या जमिनीच्या सूर्यात, त्या मातीवर, तिथल्या झाडांमध्ये काढले पाहिजे आणि त्यातले निदान एक तरी मे महिन्यातल्या दुपारचे असले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. प्रामाणिकपणासाठी तर हे हवेच, पण त्याहून जास्त चांगल्या बांधकामासाठी हवे.

सूर्यापासूनच सुरुवात करू. कळंब साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस इथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. चित्रातली ही केबिन ज्या उत्तर युरोपातली, तिथले स्टॉकहोम एकोणसाठ अंशांवर. तिथे डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सात अंश वर चढतो आणि जूनमध्येही चोपन्न अंशांच्या आसपास थांबतो. कळंबला वर्षातल्या सर्वांत लहान दिवशीही दुपारचा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर असतो. म्हणजे आपल्या ऐन हिवाळ्यातली दुपार त्यांच्या ऐन उन्हाळ्याच्या जवळ जाते. उत्तर युरोपातल्या केबिनला काचेची भिंत असते, कारण तिथे ऊन दुर्मीळ आहे आणि ते घरात ओढून घ्यावे लागते. छप्पर उभे असते, कारण बर्फ घसरून पडला पाहिजे. तीच केबिन पश्चिमेकडे तोंड करून इथल्या बालाघाट डोंगररांगेच्या माळावर उभी केली, तर एप्रिलमध्ये दुपारी चारला आत बसणे अशक्य होईल आणि वातानुकूलन यंत्राच्या बिलात पर्यटनाची कमाई जाईल.

हे टाळायला कुठलेही खर्चिक साधन लागत नाही. स्केचअप, ट्विनमोशन, ब्लेंडर या सगळ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण, तारीख आणि वेळ भरून सूर्य लावता येतो. ब्लेंडर तर फुकट आहे. ठिकाण कळंब, तारीख १५ मे, वेळ दुपारी साडेतीन एवढे भरले की केबिनच्या पुढ्यातले ऊन काचेतून आत कुठवर पोचते, पलंग उन्हात येतो का, पडवी चार फूट पुढे काढली तर काय फरक पडतो, हे त्याच चित्रात दिसते. छपराची वळचण वाढवून पुन्हा पाहता येते. भिंत फिरवून पाहता येते. शेतकऱ्याच्या खिशातून एक रुपया जाण्याआधी कळणारी ही माहिती आहे. असे चित्र जमिनीचे मोजमाप घेते. मात्र सूर्य कळंबचा लावला तरच. तयार मिळणारे संधिप्रकाशाचे सोनेरी आकाश मागे चिकटवले की हे सगळे पुसले जाते.

मातीचेही तेच. थ्रीडीत केबिन गवतावर अलगद टेकलेली असते, जोते दिसतच नाही. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर भिंतीला तडा जातो, हे गावातला कोणताही गवंडी सांगेल. म्हणजे चित्रात जोते हवे, त्याची उंची हवी आणि पायरी हवी. केबिनपर्यंत येणारा पाणंद रस्ताही हवा, कारण जुलैत त्यावरून मोटार येईल की नाही यावर सगळा धंदा अवलंबून आहे. पाण्याबद्दल तर विशेष जपायला हवे. कळंबच्या खाली धनेगावला मांजरा नदीवरचे मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मांजरेच्या पुराने काठची शेते पाण्याखाली गेली. अशा नदीच्या काठावरच्या केबिनचे चित्र काढताना पाण्याची कड नेमकी कुठे दाखवायची, हा सौंदर्याचा नव्हे, सुरक्षिततेचा प्रश्न आहे. कोरड्या आणि भरल्या पात्राची दोन चित्रे शेजारी ठेवली तर जागा निवडतानाच शहाणपण येईल.

झाडांच्या बाबतीत दोष चित्रकाराचा कमी आणि साधनांचा जास्त आहे. या सॉफ्टवेअरबरोबर येणारे वृक्षसंग्रह मुख्यतः युरोप-अमेरिकेत घडले. त्यामुळे बर्च, पाइन, मेपल एका क्लिकवर मिळतात. बाभूळ, कडुलिंब, हिवर, पळस शोधावे लागतात. संगणकाला नुसते ‘निसर्गातली केबिन’ असे सांगून चित्र काढून घेतले तरी उत्तरेतलेच जंगल हाती येण्याची शक्यता जास्त. कळंबपासून जवळच येडशीचे रामलिंग घाट अभयारण्य आहे. तिथला पानझडीचा रानपट्टा उन्हाळ्यात करडा-तपकिरी होतो आणि त्यात पळस पेटतो. ते रूप कुणाही चित्रकाराला आव्हान वाटावे असे आहे. त्याऐवजी परक्या देशाची हिरवाई लावताना आपण नकळत या मुलखाला कुरूप ठरवतो, याचे मला वाईट वाटते.

कागदावरचे चित्र आणि जमीन यांची फारकत झाली की काय होते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर बावन्न गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली, आणि त्यांतली बरीच सरळ रेषांच्या आराखड्यावर. रस्ते रुंद झाले, घरे भूकंपाला टिकतील अशी झाली. पण जनावरांना जागा, भावकीचा शेजार, बायकांना बसायला आडोशाचे अंगण या गोष्टी आराखड्यात नव्हत्या आणि लोकांना त्या पुढे वर्षानुवर्षे आपापल्या परीने उभ्या कराव्या लागल्या. त्याच भूकंपाने उलटी बाजूही शिकवली. दगड-मातीच्या भिंती आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेली माळवदे हीच त्या रात्री जीवघेणी ठरली. म्हणून ‘जुने तेच बरे’ असे म्हणून केबिनला माळवद घालण्याचा आग्रह मी धरणार नाही. नव्या बांधणीचा विचार इथल्या उन्हापासून आणि मातीपासून सुरू व्हावा, एवढेच.

यावर पहिला आक्षेप येईल की जाहिरातीतले चित्र कल्पनाचित्रच असते आणि लोकांना ते कळते. पूर्वी हे खरे होते. रंगवलेले चित्र रंगवलेले दिसत असे. पण इकियासारख्या कंपनीच्या उत्पादनांची तीन चतुर्थांश चित्रे संगणकावर बनतात, हे २०१४ मध्ये बाहेर आले, तोवर ती पाहणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘कल्पनाचित्र’ लिहून ही जबाबदारी संपत नाही. स्थावर संपदा कायदा २०१६ च्या कलम १२ मध्ये खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाईचा हक्क आहे. मात्र तो कायदा विक्रीचा. मुक्कामाला भाड्याने दिलेली खोली त्यात येत नाही. तिथे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली फसव्या जाहिरातीची तरतूद उपयोगी पडते, पण एका रात्रीच्या भाड्यासाठी कोण तक्रार करत बसेल? आणि या चित्रावर विसंबणारा पहिला माणूस पाहुणा नसतोच. कर्ज काढून बांधकाम करणारा शेतकरी असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मे महिना दाखवला तर येणार कोण? पर्यटनावर जगणाऱ्याला हा प्रश्न विचारायचा पूर्ण अधिकार आहे. पण मेचे चित्र जाहिरातीच्या फलकावर लावा, असे मी म्हणत नाही. ते आधी बांधणाऱ्याने पाहावे. पाहुण्यांसाठी श्रावणातले माळ, हुरड्याच्या दिवसांतली ज्वारी, येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा असे ज्या त्या महिन्याचे खरे चित्र द्यावे. देवदार बघायला बोलावलेला पाहुणा बाभळी बघून नाराज होतो. हुरड्यासाठी बोलावलेला हुरडा खाऊन पुढच्या वर्षी भावंडांना घेऊन येतो.

तिसरी अडचण खऱ्याखुऱ्या कष्टाची. थ्रीडी काढणाऱ्या पोराला एका चित्राचे जे पैसे मिळतात, त्यात बाभूळ घडवत बसणे त्याला परवडत नाही. हे मान्य करून मार्ग काढावा लागेल. झाडाभोवती फिरून मोबाइलवर फोटो काढायचे आणि त्यावरून त्याचे त्रिमितीय रूप उभे करायचे, हे तंत्र आता हाताशी आहे. धाराशिव-लातूरच्या तंत्रनिकेतनांतल्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून बालाघाटातली वीसेक झाडे, काळ्या मातीचा आणि मुरमाचा पोत, कडब्याची गंज, दगडी बांध एवढे जरी टिपून सर्वांना मोफत खुले केले, तरी प्रत्येकाला स्वतंत्रपणे खपावे लागणार नाही. आणि कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी करताना अर्जासोबत थ्रीडी जोडली असेल, तर त्याच कोपऱ्यातून काढलेला, तारीख घातलेला जागेचा फोटोही जोडायला सांगावा. अर्जदाराला एक कागद जास्त लागेल आणि तपासणाऱ्याला दोन्ही शेजारी ठेवून पाहायला पाच मिनिटे पुरतील.