पहिल्या आठवड्यातील औषध आणि बाळाचे पोट

प्रसूती सुखरूप पार पडते, पेढे वाटण्याची तयारी सुरू होते, आणि त्याच संध्याकाळी बालरोगतज्ज्ञ सांगतात की बाळाचा श्वास जलद आहे, जंतुसंसर्गाची शंका येते, प्रतिजैविके सुरू करावी लागतील. घरातील वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो : एवढ्या कोवळ्या जिवाला इतके कडक औषध कशासाठी?

प्रश्न अनाठायी नाही; परंतु त्यासाठी उपचार अडवून धरणे मात्र घातक ठरेल. नवजाताच्या रक्तात शिरलेला संसर्ग काही तासांत जिवावर बेततो, आणि त्याची लक्षणे फसवी असतात : बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, अंग गार लागते. रक्ताच्या कल्चर तपासणीचा निष्कर्ष हाती येण्यास दीड-दोन दिवस लागतात. तोवर थांबणे शक्य नसते. म्हणूनच ज्यांना प्रत्यक्षात संसर्ग नव्हता अशा कित्येक बाळांनाही ही औषधे दिली जातात.

त्यांच्या पोटात काय घडते? हेन्री टिसिए यांनी 1899 साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाच्या विष्ठेतून बिफिडो जीवाणू प्रथम वेगळे केले. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात की त्या बाळाला स्वतःला पचत नाहीत. त्या जणू या जीवाणूंसाठीच वाढलेले ताट असतात. निसर्गाची ही योजना विलक्षणच म्हणावयास हवी. प्रतिजैविक मात्र रोगजंतू आणि हे हितकारी जीवाणू यांत भेद करीत नाही.

नेदरलँड्समधील संशोधकांनी 2022 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संसर्गाची शंका असलेल्या 147 बाळांना, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, तीन वेगवेगळ्या औषध-जोड्यांपैकी एक देण्यात आली. तुलनेसाठी औषध न घेतलेली 80 बाळे होती. औषध घेतलेल्यांत बिफिडो जीवाणू घटले, क्लेबसिएला व एंटरोकॉकस वाढले, आणि काही फरक वर्षभरानंतरही आढळले. औषधांना दाद न देणाऱ्या जनुकांचे प्रमाणही बदलले. महत्त्वाची गोष्ट अशी की तिन्ही जोड्यांचा परिणाम सारखा नव्हता : पेनिसिलीन व जेंटामायसिन यांचा सर्वांत कमी, अमॉक्सिसिलीन व सेफोटॅक्झिम यांचा सर्वांत अधिक.

तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांना विचारावे ते असे : औषधापूर्वी कल्चरसाठी रक्त घेतले का? निष्कर्ष निर्दोष आला आणि बाळ बरे असले, तर औषध केव्हा थांबेल? निर्णय अर्थातच त्यांचा; पण असे विचारण्यात संकोच कसला? अतिदक्षता विभागात असलेल्या बाळासाठीही आईचे दूध काढून देता येते, आणि ते आवर्जून द्यावे.

आता ओघानेच औषधाच्या दुकानातील प्रोबायोटिक थेंबांविषयी. ओडिशाच्या ग्रामीण भागात 4,556 नवजातांवर झालेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक ठरावीक जीवाणू व त्याचे खाद्य सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. मात्र ती बाळे फार अपुऱ्या दिवसांची वा अगदी कमी वजनाची नव्हती, आणि तो विशिष्ट वाण होता; दुकानातील प्रत्येक बाटलीत तोच असतो असे नव्हे. उलट अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असे जीवाणू दिल्याने गंभीर संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये दिला. शेजारच्या बाळाला मानवले म्हणून ते थेंब आणू नयेत.