न विचारतां टिपलेल्या छबी

हौशी छायाचित्रकारांनीं रस्त्यांतील माणसांच्या छबी अवश्य टिपाव्या. परंतु न विचारतां टिपलेली छबीच तेवढी अस्सल, हा पक्ष आम्हांस मुळींच मान्य नाहीं. वॉकर एव्हन्स यांनीं १९३८ ते १९४१ या काळांत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत कोटाआड कॅमेरा दडवून उतारू टिपले, हा दाखला या पक्षाचे लोक देतात. पण ऑगस्ट झांडर यांच्या १९२८ च्या चित्रांतला विटा वाहणारा जर्मन मजूर भिंगाकडे सरळ पाहतो. आपली छबी निघत आहे हें जाणूनहि तो तसूभर खोटा वाटत नाहीं. बंगल्यांतील गृहस्थाची छबी विचारल्यावांचून घेण्यास जे धजत नाहींत, त्यांनीं रस्त्यावरील हमालास निराळा न्याय कां लावावा? नवशिक्यानें आधीं विचारावें. नकार मिळाल्यास नमस्कार करून पुढें जावें.