‘हुबेहूब’ नावाची शिवी

प्रारंभीच कबुली देतो : मी चित्रकार नाही, छायाचित्रकार नाही, आणि कलासमीक्षक तर मुळीच नाही. गेली पंचवीसेक वर्षे माणसांचे चेहरे पाहण्याचा मला नाद आहे. तैलरंगातले, जलरंगातले, कृष्णधवल आणि रंगीत फोटोंतले. या नादापायी प्रदर्शने हिंडलो, जुन्या पुस्तकांत पैसे घालवले आणि रविवारी पेन्सिल हाती घेऊन घरच्यांना तासन्‌तास एका जागी बसवून छळले. हौशी माणसाला एक सवलत असते. त्याला कुणाची भीड बाळगावी लागत नाही. ती सवलत घेऊन एक विधान करतो. व्यक्तिचित्राची स्तुती करताना आपल्या तोंडी जो शब्द सर्वांत आधी येतो, तो ‘हुबेहूब’ हा शब्द स्तुती नसून शिवी आहे. आणि ती चित्रकाराला लागते त्याहून चितारलेल्या माणसाला अधिक लागते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. माझे वडील वारले तेव्हा तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला तसबीर हवी होती. त्यांचा एकट्याचा धड फोटो घरात नव्हता. एका लग्नातल्या घोळक्यातून त्यांचा चेहरा कापून घेतला आणि गावातल्या फोटो स्टुडिओत दिला. वडिलांचा उजवा डोळा डाव्याहून किंचित लहान होता. एखादी गोष्ट पटली नाही की तो आणखी बारीक होई, आणि घरातले सगळे त्या डोळ्याकडे पाहून बोलणे आवरते घेत. स्टुडिओवाल्याने दोन्ही डोळे सारखे केले, कपाळावरच्या आठ्या पुसल्या, मागे निळे आभाळ घातले. तसबीर पाहून जमलेले नातेवाईक म्हणाले, ‘अगदी हुबेहूब आहेत हो!’ तिला हार घातला गेला. आजही ती तिथेच आहे. तिच्यातल्या गृहस्थांशी माझा परिचय नाही.

चाणाक्ष वाचक इथे मला पकडतील. म्हणतील, मग तुमची तक्रार सादृश्य कमी पडल्याचीच झाली. डोळा जसा होता तसा ठेवला असता तर तुम्हीही ‘हुबेहूब’ म्हणून मोकळे झाला असता. आक्षेप वजनदार आहे, पण नातेवाईक खोटे बोलत नव्हते हे लक्षात घ्यावे. त्यांना वडिलांची ओळख पटली होती. ‘हुबेहूब’ची मागणी तेवढीच असते, आणि ती कोणत्याही ओळखपत्रावरचा फोटोही पुरी करतो. ओळख पटवणे आणि ओळख करून देणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम ज्यांनी त्या माणसाला पाहिले आहे त्यांच्यापुरते असते, आणि ते मेले की संपते. दुसरे काम ज्यांनी त्याला कधीच पाहिले नाही त्यांच्यासाठी असते. व्यक्तिचित्र म्हणायचे ते या दुसऱ्या कामाला.

पडताळा पाहणे सोपे आहे. रेम्ब्राँ १६६९ साली गेला. तो आयुष्यभर स्वतःचा चेहरा रंगवत राहिला, आणि म्हातारपणीच्या त्या थकल्या, सुजट चेहऱ्यांपुढे आजही माणसे थबकतात. यांपैकी कुणी रेम्ब्राँला पाहिले होते? सादृश्य तपासण्याचे साधनच हाती नसताना आपण त्या चित्रांना थोर म्हणतो. याचा अर्थ आपला निकष काही वेगळाच आहे. तो उच्चारण्याचे कष्ट तेवढे आपण घेत नाही.

परंपरेचे दाखले ज्यांना लागतात त्यांच्यासाठी तोही देतो. कामसूत्रावरील यशोधराच्या जयमंगला टीकेत चित्रकलेची षडंगे सांगितली आहेत : रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सादृश्य पाचवे आहे. भाव आणि लावण्य त्याच्या आधी येतात. आपण मात्र बाकीची पाच अंगे गुंडाळून ठेवून त्या पाचव्याचीच पूजा मांडली आहे.

यावर ठरलेले उत्तर येते की चित्रकार काय वाटेल ते रंगवेल, कॅमेरा मात्र खोटे बोलत नाही. एकाच माणसाची दोन व्यक्तिचित्रे समोर ठेवू. ३० डिसेंबर १९४१ रोजी ऑटावा येथे कॅनडाच्या संसदेत भाषण करून विन्स्टन चर्चिल बाहेर आले. छायाचित्रकार यूसुफ कार्श तयारीत होता. चर्चिलच्या तोंडातली सिगार निघेना, तेव्हा कार्शने पुढे होऊन ती काढून घेतली आणि पुढच्याच क्षणी बटण दाबले. त्या फोटोतला चर्चिलचा क्रुद्ध, हटवादी चेहरा युद्धकाळातल्या ब्रिटनच्या निर्धाराचे प्रतीक म्हणून जगभर गेला. राग कशाचा होता? सिगारचा. दुसरे चित्र ग्रॅहम सदरलंडचे. चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त संसदेने ते करवून घेतले आणि १९५४ च्या नोव्हेंबरात वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याचे अनावरण झाले. सदरलंडने चर्चिलला समोर बसवून रेखाटने केली आणि त्याला जो थकलेला, खुर्चीला घट्ट धरून बसलेला म्हातारा दिसला तो रंगवला. चर्चिलला ते चित्र मुळीच रुचले नाही. पुढे त्याच्या पत्नीच्या इच्छेनुसार ते नष्ट करण्यात आले, आणि ही गोष्ट १९७८ साली जगजाहीर झाली.

आता सांगावे, यांतले खरे कोणते? कॅमेऱ्याने सिगारच्या रागाला राष्ट्राचा निर्धार करून दाखवले, तरी तो फोटो मला थोर वाटतो. कार्श यंत्रामागे लपून राहिला नाही. पुढे झाला, समोरच्या माणसाशी त्याने काहीतरी केले, आणि जे उमटले ते त्या दोघांच्या गाठीतून उमटले. सदरलंडचेही तेच. एकाला क्षण लागला, दुसऱ्याला बैठका लागल्या. दोन्ही ठिकाणी पाहणारा हजर होता. माझ्या वडिलांच्या तसबिरीत कुणीच हजर नव्हते. लग्नातल्या फोटोवाल्याने घोळका टिपला होता, स्टुडिओवाल्याने त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणून चित्र विरुद्ध फोटो हा वादच मला फिजूल वाटतो. खरा भेद माणसाकडे पाहून केलेल्या चेहऱ्यात आणि न पाहता तयार केलेल्या चेहऱ्यात आहे.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई १८१५ साली कलकत्त्यात जन्मली, आणि वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिच्या हाती पहिला कॅमेरा आला. हौशी माणसांनी तिचा फोटो देव्हाऱ्यात ठेवावा. तिच्यापुढे बसणाऱ्याला दीर्घकाळ निश्चल राहावे लागे. त्यात माणूस किंचित हले, कडा विरघळत. तत्कालीन जाणकारांनी तिला अस्पष्टतेबद्दल नावे ठेवली. आज त्या जाणकारांचे रेखीव फोटो कुणाला आठवत नाहीत. तिच्या त्या धूसर चेहऱ्यांतून मात्र माणसे अजून श्वास घेताना दिसतात.

जवळचे उदाहरण हवे असेल तर पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे घ्या. गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन चित्रे केली आहेत, एक स्त्रीभूमिकेतले आणि एक पुरुषवेषातले. यांतले ‘हुबेहूब’ कोणते? एक म्हणाल तर दुसरे खोटे पडेल, आणि दोन्ही म्हणाल तर ‘हुबेहूब’ या शब्दाला अर्थ उरणार नाही. एका माणसाचे एकच एक रूप असते, हेच या शब्दाचे गृहीतक आहे. देऊसकरांनी ते दोन चौकटींत निकालात काढले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे हे सारे मांडण्याचे कारण असे की ‘व्यक्तिचित्र’ हा शब्द आपण चित्रासाठी वापरतो तसा गद्यासाठीही वापरतो, आणि हा रोग आपण तिथेही नेला आहे. ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे, ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ चे. इतक्या वर्षांनंतरही उत्तरपत्रिकांत आणि परीक्षणांत एकच वाक्य फिरत असते : लेखकाने व्यक्ती हुबेहूब डोळ्यांसमोर उभी केली आहे. अहो, तुम्ही ती व्यक्ती पाहिली होती काय? मग कशाशी ताडून पाहिलेत? लेखक त्या माणसापासून किती अंतरावर उभा आहे, त्याने काय गाळले, कुठे त्याला माया आवरली नाही आणि कुठे त्याने मुद्दाम नजर वळवली, हे प्रश्न व्यक्तिचित्राचे आहेत. ‘हुबेहूब’ म्हटले की ते विचारण्याची गरज संपते. आळशी समीक्षेला याहून सोयीचा शब्द मिळणार नाही.

आपल्या महाविद्यालयांच्या सभागृहांत रांगेने लागलेली तैलचित्रे एकदा नीट पाहावीत. बहुतेक चेहरे पारपत्राच्या आकाराचे फोटो मोठे करून रंगवल्यासारखे दिसतात; कुणी कुणासमोर बसल्याची खूण त्यांत नसते. आता तर हातातला फोन न सांगताच कातडी गुळगुळीत करून देतो, आणि मेलेल्या माणसाला हसते-बोलते करणारी यंत्रेही आली आहेत. म्हणजे माझ्या वडिलांचा तो स्टुडिओवाला आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्यांच्यावर आपले प्रेम होते, त्यांचे चेहरे पुढच्या पिढीकडे कोणत्या रूपात जाणार, हा प्रश्न त्यामुळे कलेपुरता उरलेला नाही.

माझी मागणी लहान आहे. एखादे शिक्षक निवृत्त होत असतील तर जुन्या फोटोवरून चित्र करवून घेऊ नये. चित्रकलेच्या एखाद्या विद्यार्थ्यासमोर त्यांना चार दुपारी बसवावे. चित्र कदाचित बिघडेल, नाक थोडे वाकडे येईल. येऊ द्यावे. त्या चार दुपारी कुणीतरी त्यांच्याकडे पाहिले, एवढे त्या वाकड्या नाकातून पुढच्यांना कळेल.

वडील गेल्यावर मी आठवणीने त्यांचे एक रेखाटन केले. ते वाईट आहे, घरात कुणाला ओळखू येत नाही. पण त्यात उजवा डोळा लहान आहे. माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचे आजोबा हयात नव्हते. परवा ते रेखाटन पाहून तिने विचारले, ‘हे कुणावर रागावलेत?’ तसबिरीतल्या गृहस्थांबद्दल तिने आजवर एकही प्रश्न विचारलेला नाही.